बायजाचे बत्तीस नवरे

कळंबची बायजा कधी गप्प बसलेली तुम्ही पाहिली असेल, तर ती दुसरीच कुणी बायजा असणार. ही बायजा भाताची लावणी करताना गाते, भाकरी थापताना गाते, आणि लग्नाच्या मांडवात तर तिच्यावाचून पान हलत नाही. ती धवलारीण आहे, म्हणजे लग्नात धवले गाणारी. तिच्या गावात भटजी उशिरा आला तर लोक चहा पीत थांबतात. धवलारीण उशिरा आली तर मात्र हळदीची वाटी जागची हलत नाही.

या गाण्याचे दोन कायदे. पहिला असा की धवलारणीनं ओळ टाकली की भोवतीच्या बायकांनी ती झेलायची, जशीच्या तशी, विचार न करता. दुसरा कायदा त्याहून कडक. धवल्यात ज्याचं नाव येईल त्यानं उठायचं. नवरीच्या आईला हाक आली, आई उठली. करवलीला आली, करवली उठली. एकदा एका लग्नात नवरीचा मामा रुसून जेवायला बसला होता. बायजानं धवल्यातून त्याच्या नावानं हाक घातली, आणि मामा भातानं माखलेला हात तसाच घेऊन मांडवात हजर! आता बोला.

तर अशा या बायजाचे पुढचे दात हलले.

झालं काय, माघ महिन्यात तिनं ऊस दातानं सोलायला घेतला. जन्मभर तसाच सोललेला. या वेळी कांडं आलं हातात आणि वरचे दोन दात गेले पुढं वाकून. पडले नाहीत, पण जिभेनं ढकलले की दार हलावं तसे हलायचे. तिनं कुणाला सांगितलं नाही. पण संध्याकाळी गुणगुणताना 'सासू' म्हणायला गेली आणि दातांमधून नुसता वारा सुटला. शेजारी बसलेला तिचा नवरा कोंडाजी म्हणाला, "बायजे, कुकराला शिट्टी लावलीस काय गं?"

कोंडाजी हसला, पण बायजानं गुणगुणणं तिथंच तोडलं. त्याला कारण होतं. तिची आई अंबाबाई हीसुद्धा धवलारीण, पंचक्रोशीत नावाजलेली. बायजा तिची शेंडेफळ. बायजाच्या लग्नापर्यंत अंबाबाईचे पुढचे दात मशेरीनं खाऊन टाकले होते. पाठवणीच्या वेळी तिनं लेकीसाठी धवला सुरू केला. पाठवणीचा धवला म्हणजे सासर, सासू, सासरा, सुख, सगळे शब्द दातांवर टेकून म्हणायचे. अंबाबाईच्या तोंडून निघाली ती नुसती फसफस. वरातीतल्या पोरी खिदळल्या. अंबाबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती मटकन खाली बसली. बायजा धवल्याशिवाय सासरी आली. गावातल्या शंभर लेकी तिनं गाऊन पाठवल्या असतील, पण तिला स्वतःला कुणी गाऊन पाठवलं नव्हतं, आणि त्या दिवसानंतर अंबाबाई पुन्हा कधी गायली नाही.

आता वैशाखात बायजाच्या नातीचं, अक्षदाचं लग्न ठरलेलं. एकुलती एक नात! तिची पाठवण आणि दात हे असे.

घरात पहिल्यांदा हे ओळखलं ते सुनेनं. छाया, अक्षदाची आई, तिथल्याच एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात कामाला, चार पाहुण्यांच्या ताटात काय उरलं यावरून माणूस ओळखणारी. सासूनं भाकरीचा पापुद्रा कालवणात भिजवून खाल्लेला तिनं पाहिला आणि म्हणाली, "आत्या, तोंड उघडा."

"कशाला? घोडा इकत घ्यायचा हाय का तुला?"

"उघडा म्हणते ना."

छायाचं माहेर कर्जतला भिसेगावात. तिथं तिच्या ओळखीची दातांची डॉक्टर होती, ईशानी नावाची, गावातल्या जुन्या शिक्षकांच्या घरातली मुलगी. दुसऱ्याच दिवशी छायानं सासूला तिच्या खुर्चीत नेऊन बसवलं. खुर्ची मागं कलंडली तशी बायजानं छायाचा हात असा धरला की बांगडी वाकली.

ईशानीनं शांतपणे सगळे दात तपासले. "आजी, दात चांगले आहेत हो. हिरड्या सुजून मागं सरकल्यात, त्यामुळे दातांची पकड सुटत चालली आहे. मी वरचं कीटण काढून देते. पण पुढचं तुमच्याकडे. मशेरी बंद, आणि सकाळी एकदा, रात्री जेवल्यावर एकदा मऊ ब्रशनं घासायचं."

"रातच्याला? रातच्याला दातांना कुठं लग्नाला जायाचं हाय?"

"दिवसभराचं खाल्लेलं रात्रभर तिथंच बसतं ना, आजी."

बायजानं छायाचा हात सोडला. मग हळूच विचारलं, "वैशाखापर्यंत टिकतील का गं बाय? नातीला गाऊन पाठवायची हाय मला."

"शब्द देत नाही," ईशानी म्हणाली. "पण रोज घासलंत, एकही दिवस न चुकता, तर आशा आहे. मी फोनवर रोज आठवण पाठवत जाईन."

घरी येताना बायजाच्या अंगात उत्साह मावत नव्हता. नवा ब्रश, हिरव्या रंगाचा, तिनं नथीसारखा कापसात ठेवला. पहिले काही दिवस घासलंही. पण नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते काय खोटं नाही. सकाळचं जमायचं. रात्री जेवण झालं की डोळ्यावर झापड, आणि झापडीच्या आधी चिमूटभर मशेरी, ही सवय लग्नाआधीपासूनची. जित्याची खोड!

डॉक्टरीणबाई मात्र शब्दाला पक्की. दररोज जेवणवेळेला बायजाच्या फोनवर टिंग व्हायचं. छायानं आपला जुना फोन तिला दिलेला. बायजाला अक्षर लावायला वेळ लागायचा, म्हणून ती टिंग ऐकून म्हणायची, "आला मेला कंपनीवाला," आणि फोन पालथा घालायची. छायानं एकदा पाहिलं तर ईशानीचे सगळे निरोप न उघडलेले, रांगेत उभे.

मग छायानं गजर लावला. तो असा काही केकाटला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. बायजा दचकली, घासलं कुणीच नाही. दोन दिवसांनी गजराचा आवाज एकाएकी लांबून, विहिरीतून आल्यासारखा यायला लागला. शोधलं तर कोंडाजीनं फोन तांदळाच्या डब्यात खोल पुरून वर झाकण लावलेलं.

"अवो, फोन हाय का आढीतला आंबा?" बायजानंच त्याला झापलं.

मग छायानं गजराला स्वतःचा आवाज भरला, "आत्या, दात घासा." हे तर फारच वाईट झालं. सुनेनं सासूला हुकूम सोडायचा, तोही रोज, तोही शेजारच्या आवडीला ऐकू जाईल असा! बायजानं त्या रात्री मुद्दाम दात घासले नाहीत. "मी काय शाळंतली पोर हाय? मला कुणी सांगून मी उठत नसते."

"मग तू उठतेस कशानं, आजी?" अक्षदानं विचारलं. ती चुलीपाशी बसून मेंदीचे नमुने बघत होती.

"मी?" बायजा तोऱ्यात म्हणाली. "मी उठते ती धवल्यात नाव आलं तरच."

बोलली आणि थांबली. अक्षदा तिच्याकडे बघायला लागली, छाया बघायला लागली. तिघींच्या डोक्यात एकदमच प्रकाश पडला!

"आजी, मग तूच स्वतःला हाक मार ना!"

त्या संध्याकाळी त्या घरात जी धांदल उडाली ती साखरपुड्यालाही उडाली नव्हती. बायजा ओटीवर पाटावर बसली, पदर नीट घेतला, फोन पुढ्यात तांब्याला टेकवून उभा केला. पहिल्या वेळी आवडीचा कोंबडा मधे ओरडला. दुसऱ्या वेळी बायजालाच हसू आलं. तिसऱ्या वेळी धवला लागला आणि असा लागला की अक्षदाच्या अंगावर काटा आला:

*ऊठ गं बायजे, सांज सरली,*
*ताटं वाट्या उचलून झाली.*
*बत्तीस नवरे बसले पाटी,*
*न्हाऊ घाल गं, न्हाऊ घाल.*

शेवटच्या ओळीवर मागून कोंडाजी खोकला. "बत्तीस? नि मी गं?"

"तुमी तेहेतिसावे," बायजा म्हणाली. "तोंडाबाहेरचे."

खोकला आणि कोंडाजीचा प्रश्न तसेच राहू दिले, कारण धवला पुन्हा इतका चांगला लागला नसता. छायानं तो धवला सकाळ-संध्याकाळच्या गजराला बसवला. आणि काय सांगावं! त्याच रात्री बायजा डोळे मिटून भिंतीला टेकलेली. फोननं हाक दिली, "ऊठ गं बायजे," आणि बाई झोपेतच उठून मोरीकडे चालायला लागली. पाय आपोआप निघाले. इतकी वर्षं तिनं दुसऱ्यांना उठवलं होतं. स्वतःचं नाव धवल्यात ऐकायची तिची ही पहिलीच वेळ. ब्रश तोंडात असताना तिला रडू येतंय की हसू येतंय हे तिलाच कळेना, फेस मात्र गालभर झाला.

मशेरी लगेच सुटली असं मी सांगणार नाही. एका सकाळी ती आणि आवडी पेंढ्याच्या आडोशाला बसून, जुनी डबी उघडून, बोट दातावर टेकवणार एवढ्यात कमरेला खोचलेला फोन गायला लागला. बायजाचं बोट जागच्या जागी थांबलं. आवडी म्हणाली, "वाजू दे की गं. इथं कोण बघतंय?"

"नाव घेतलंय माजं," बायजा म्हणाली. उठली, डबी पेंढ्यात पालथी केली, आणि तरातरा घरी आली. आवडी मागोमाग. "बायजे, माज्या नावाचा पन एक करून दे ना. माजे बत्तीस नसतील, पन हायेत तेवढे धर."

मग काय, आळीत पेवच फुटलं. आवडीच्या फोनवर 'ऊठ गं आवडे', शकूच्या फोनवर 'ऊठ गं शकू'. दिवेलागण झाली, जेवणं उरकली की एका घरातून दुसऱ्या घरात हाका ऐकू यायच्या आणि मोऱ्यांमधून बायका चुळा भरायच्या. कोंडाजीसुद्धा ब्रश घेऊन उभा राहायला लागला. तेहेतिसाव्यालाही न्हायला हवंच होतं.

चैत्रात ईशानीनं पुन्हा तपासलं. दोन बोटांत धरून दात हलवून पाहिला, मग दुसरा.

"आजी, पकड आली आहे! थोडा हलतोय अजून, पण हिरडी घट्ट झाली. काय केलंत तुम्ही?"

बायजानं फोन काढून धवला ऐकवला. बाहेर बाकावर दोन अनोळखी बायका बसल्या होत्या, गाल धरून. त्यांनी सुजलेल्या तोंडानं ओळ झेलली, "न्हाऊ घाल गं, न्हाऊ घाल." ईशानी खुर्चीला धरून हसत राहिली.

आणि वैशाख आला. हळदीची संध्याकाळ. दारात मांडव, अक्षदा पाटावर, आणि कुंभिवलीहून नवऱ्या मुलाकडची मंडळी उष्टी हळद घेऊन आलेली. त्यांची पुढारीण नवऱ्याची मोठी आत्या चिमा, ठसठशीत कुंकवाची, प्रत्येक गोष्ट निरखून पाहणारी. बायजा गात होती आणि एकेक शब्द नाण्यासारखा वाजत होता. बायका झेलत होत्या. तिनं एक ओळ संपवली, पाणी प्यायला तांब्या उचलला, आणि त्याच क्षणी तिच्या कमरेतून तिचाच आवाज आला:

*ऊठ गं बायजे, सांज सरली...*

फोन बंद करायचा राहिला होता! पण बायकांना काय माहीत? आवाज बायजाचा, चाल धवल्याची. सगळ्यांनी मिळून ओळ झेलली. बायजा हातानं नको नको करतेय, तर त्यांना वाटलं जोरात म्हणा म्हणतेय. सगळा मांडव दणाणून गेला:

*बत्तीस नवरे बसले पाटी!*

चिमाच्या हातातली हळदीची वाटी थबकली. तिनं पाटाकडे पाहिलं, अक्षदाकडे पाहिलं. "अगं बाय! बत्तीस? आमचा तर एकच हाय!"

त्यावर फोनमधून कोंडाजी खोकला आणि विचारता झाला, "बत्तीस? नि मी गं?"

मांडव हसून हसून आडवा झाला. आवडी लोळली. छायानं डोक्याला हात लावला. कोंडाजी खांबामागं गेला तो बराच वेळ दिसलाच नाही. चिमाला कुणीतरी सगळं समजावून सांगितलं. ती गंभीर चेहऱ्यानं ऐकत होती आणि छायाच्या काळजाचं पाणी होत होतं, कारण लग्नाच्या आदल्या दिवशी माणसं कशानं रुसतील सांगता येत नाही. शेवटी चिमा बायजाकडे वळली.

"मग बसलाय काय विहीणबाई? धवल्यात नाव आलंय तुमचं. उठा!"

कायदा म्हणजे कायदा. बायजा उठली. हळद थांबली. ती मोरीत जाऊन दात घासून येईपर्यंत दोन्हीकडच्या बायकांनी 'न्हाऊ घाल गं' चालू ठेवलं, आणि सगळ्यात मोठा आवाज चिमाचा होता. बायजा तोंड पुसत परत आली ती सगळे दात दाखवत. त्यानंतर हळद अशी रंगली की विचारू नका.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. उन्हं उतरायला लागली. कुंभिवलीची गाडी दारात उभी राहिली आणि पाठवणीची वेळ झाली.

अक्षदा सगळ्यांच्या पाया पडून उंबऱ्याबाहेर आली. बायका गोल करून उभ्या राहिल्या. सगळ्यांनी बायजाकडे पाहिलं. बायजानं तोंड उघडलं आणि आवाज आला नाही.

दात जागेवर होते. तिनं जिभेनं चाचपून पाहिलं, दोन्ही जागेवर, घट्ट. पण समोर नात उभी होती आणि तिला दिसत होती ती अंबाबाई, तोंडाला पदर लावलेली. पुन्हा प्रयत्न केला. नाहीच. बायजा पायरीवर मटकन बसली, जशी तिची आई बसली होती तशीच. तिचाही हात पदराकडे गेला.

"दात गेले वाटतं," मागून कुणीतरी कुजबुजलं. छाया पुढं यायला निघाली. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

तेवढ्यात अक्षदानं मुंडावळ्या बाजूला सारल्या. तिला गाता येत नव्हतं, कधीच येत नव्हतं, बेसूर पोर! पण महिनोन्‌महिने रोज सकाळ-संध्याकाळ ऐकलेली चाल तिच्या कानात पक्की होती. फुटक्या आवाजात, रडत रडत तिनं ओळ टाकली:

*ऊठ गं बायजे...*

बायकांनी झेलली. आवडीनं, शकूनं, चिमानं, सगळ्यांनी. *ऊठ गं बायजे.* कोंडाजीनंसुद्धा झेलली, पुरुषानं धवला झेलायचा नसतो हे विसरून.

धवल्यात नाव आलं होतं. बायजा उठली. नातीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि गायला लागली:

*सुईच्या मागं दोरा गं, लेकीच्या मागं माया,*
*सासरी सुखानं संसार कर, सासूसासऱ्यांची छाया...*

एकही अक्षर निसटलं नाही. सगळे 'स' दातांवर टेकून, ठणठणीत, ओळीमागून ओळ, शेवटपर्यंत. अक्षदा हुंदके देत होती, छाया देत होती, आणि बायजा डोळ्यांतून पाणी वाहत असताना पूर्ण तोंड उघडून गात होती, पदराला हात न लावता.

गाडी वळणाआड गेली. बायका पांगल्या. बायजा अजून दारातच उभी होती, धुळीकडे बघत. तिनं जिभेनं पुढचे दोन दात एकदा हळूच चाचपले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "आये, धवला पुरा झाला गं."